दशांशाचं तिसरं घर

ज्या ऑफिसात आजवर कुणी उंदराच्या सापळ्यापलीकडे शस्त्र हाताळलं नव्हतं, तिथे एका रविवारी, म्हणजे तिथल्या कामाच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, सकाळी अकरा वाजेपर्यंत सात शिकारी तयार झाले. फ्रेडरिकने मोजले. तळमजल्याच्या मागच्या खोलीत, स्टेशनरीच्या रॅकांमध्ये बसून माणसं मोजणं हेच त्याचं हल्लीचं मुख्य काम होतं. बाकीचं काम म्हणजे प्रिंटर आणि बाइंडिंगचं यंत्र. कंपनीतला प्रत्येक कागद त्याच्या खोलीतून जायचा, आणि कागद ज्याच्या हातून जातो त्याला माणूस आतून कसा आहे हे कळायला एक्स-रे लागत नाही.

सात शिकारी उगवले ते अर्बाबांमुळे. अर्बाब म्हणजे मालक, यासिर. मस्कतच्या रुवी भागातली ही ट्रेडिंग कंपनी त्यांच्या वडिलांच्या शेजारच्या हमरियातल्या छापखान्यातून वाढलेली; आता छपाई संपली होती आणि खुर्च्या, टेबलं, टोनर, फायली असा माल चालायचा. मस्कतचं डांबर जुलैत पायाला चिकटायला लागलं की अर्बाब दक्षिण आफ्रिकेत एका फार्मवर शिकारीला जायचे. गेल्या वर्षी त्यांनी रायफलने एक कुडू, म्हणजे पिळाच्या शिंगांचं मोठं हरण, जखमी केलं आणि ते झुडपात निघून गेलं ते गेलंच. दोन दिवस शोधूनही सापडलं नाही. ते त्यांच्या मनाला लागलं होतं. माणूस मनाला लागलेल्या गोष्टीवर दोनच उपाय करतो: सोडून देतो, नाहीतर आणखी अवघड करून घेतो. अर्बाबांनी ठरवलं, यंदा रिव्हॉल्व्हर. जवळ जायचं, चाळीस पावलांवर, आणि एकाच गोळीत.

रिव्हॉल्व्हर अर्थातच तिथल्या फार्मवाल्याचं. तोच शिशाच्या गोळ्या घरी ओतायचा आणि काडतुसं स्वतः भरायचा. पण अर्बाबांनी त्याला कळवलं होतं की लोड मीच निवडणार. लोड म्हणजे गोळी केवढी, किती जड, शिसं किती कडक आणि मागे दारू किती, हे सगळं मिळून. फार्मवाला तीस वर्षं गिऱ्हाइकं सांभाळत होता. त्याने वाद घातला नाही. पाच लोडचा तक्ता पाठवला आणि खाली एक ओळ लिहिली: ‘माझ्या सिलिंडरच्या सहाही तोंडांचं माप ०.४३२ इंच आहे. आधी ते बघा, मग बाकीचं.’ सिलिंडर म्हणजे रिव्हॉल्व्हरचं सहा गोळ्यांचं फिरतं चाक.

अर्बाबांनी तो ईमेल सकाळच्या मीटिंगमध्ये टेबलावर टाकला. त्यांची हिंदी रुवीच्या दुकानांतून शिकलेली, खणखणीत.

“तुम लोग कागज में एक्सपर्ट है. कंपॅरिझन बनाओ. मेरे को एक नंबर चाहिए. गुरुवार तक. यल्ला.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानेही म्हटलं नाही की साहेब, आम्हाला यातलं काही कळत नाही. ते वाक्य त्या ऑफिसात कुणी कधी उच्चारलंच नव्हतं. तोंडाला सवय नसली की शब्द येत नाहीत.

काम गेलं यशोधनकडे. यशोधन पर्चेस मॅनेजर, पुण्याचा, मस्कतला येऊन चौदा महिने झालेला. कुठलीही वस्तू समोर ठेवा, हा आधी तिला मार्क द्यायचा आणि मग तिचं नाव विचारायचा. मागच्या वर्षी त्याने मार्क देऊन ज्या खुर्च्या घेतल्या, त्यांची चाकं ऑडिटच्या आत निखळली. पण फाइल इतकी सुंदर होती की दोष चाकांचा ठरला. त्याच्या जमेला एवढंच मांडता येईल की तो इस्त्रीचे कपडे घालायचा आणि वेळेवर यायचा. खर्चाची बाजू लिहायला फ्रेडरिककडे वही पुरली नसती.

त्यातली ताजी नोंद फ्रेडरिकच्या स्वतःच्या नावावर होती. तीन आठवड्यांपूर्वी त्याच्याच प्रिंटरमधून एक पान बाहेर आलं: ‘स्टेशनरी इन्चार्ज: पद अनावश्यक. वय साठ. ऑगस्टनंतर रेसिडेन्सीचं नूतनीकरण करू नये, ही शिफारस.’ खाली यशोधनची सही. फ्रेडरिकने ते पान उचललं, कोपरे जुळवले, नीट पंच केलं, फाइलला लावलं आणि फाइल वर पाठवून दिली. फाशीचा दोर वळणाऱ्यानेही दोर नीट वळावा, असं त्याचं मत होतं. ती फाइल आता अर्बाबांच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये पडून होती.

आणि घरी जॅस्मिन अकरावीत होती. एकुलती एक, उशिरा झालेली. ऑगस्टमध्ये बापाचं रेसिडेन्सी कार्ड संपलं की बापाबरोबर आई आणि मुलगी दोघींचं संपणार होतं. अकरावी अर्धवट टाकून वसईला जायचं, तिथे नवं बोर्ड, नवी शाळा, आणि मुलीचं मराठी असं की कोबी मागायला गेली तर दुकानदार इंग्रजीत उत्तर देईल. फ्रेडरिकला दोन वर्षं हवी होती. जास्त नाही, कमी नाही. बारावीचा निकाल लागेपर्यंत.

तर कमिटी बसली. कमिटीत यशोधन, आणि दुसरा क्लिफर्ड, ट्रान्सपोर्टवाला. क्लिफर्ड मुंबईचा, राहायला माबेल्याला. रोज जाता-येता मिळून तीन तास गाडीत, आणि ते तीन तास तो अमेरिकेतल्या दाढीवाल्यांचे बंदुकींवरचे व्हिडिओ लावायचा. नुसते ऐकतो, बघत नाही, असं बायकोला शपथेवर सांगायचा. एवढ्या पुण्याईवर तो तज्ज्ञ झाला होता.

फ्रेडरिक रायटिंग पॅड ठेवायला आत गेला तेव्हा मार्क देणं जोरात चाललं होतं.

“हार्डनेस,” यशोधन म्हणाला. “हार्ड म्हणजे स्ट्राँग. म्हणजे पाच नंबरला फुल मार्क्स.”

“फुल दे, मॅन. नरम गोळी म्हणजे काय, भजी?”

“वजन. पाच नंबर तीनशे ग्रेन. सगळ्यात जड. पुन्हा फुल. वेग, पाच नंबरच. बघ, आपोआप येतंय वर. याला म्हणतात मेथडॉलॉजी.”

“नाक कसलं आहे?” क्लिफर्डने विचारलं. “पॉइंटेड पाहिजे. घुसायला.”

“पाचही चपट्या नाकाच्या आहेत.”

“पाचही?” क्लिफर्डला फार्मवाल्याची कीव आली. “मग सगळ्यांचे दोन-दोन मार्क कापून टाक.”

“कापले. आणि हा डायमीटरचा कॉलम?” यशोधनने स्क्रीनकडे डोळे बारीक केले. “पॉइंट फोर थ्री, पॉइंट फोर थ्री, पॉइंट फोर थ्री. सगळं सेम. सेम असेल तर कंपॅरिझन कसलं? काढून टाकतो. नाहीतर पान आडवं करायला लागेल.”

पान उभं राहावं म्हणून कॉलम गेला. फ्रेडरिक पॅड ठेवून बाहेर आला. माणसाला अक्कल नसते हे त्याला मान्य होतं. देव सगळ्यांना सगळं देत नाही. पण अक्कल नसताना जो आत्मविश्वास असतो, तो कुठल्या दुकानातून आणतात, हे त्याला साठाव्या वर्षीही उलगडलं नव्हतं.

बुधवारी दुपारी बाइंडिंगला चौदा पानं आली. मुखपृष्ठावर सिंहाचा फोटो. सिंहाशी कुणाचं वैर नव्हतं, पण फोटो रंगीत होता. आत तीन आलेख, एक गोल चक्र, आणि शेवटच्या पानावर ठळक अक्षरात: ‘शिफारस: लोड क्रमांक पाच.’ मागे परिशिष्ट म्हणून फार्मवाल्याचा मूळ ईमेल जोडला होता. परिशिष्ट कुणी वाचत नाही, म्हणूनच ते जोडायला कुणी घाबरत नाही.

फ्रेडरिक वाचायचा. सवय जुनी. गिरगावातल्या एका छापखान्यात तो सतराव्या वर्षी लायनोटाइप शिकला होता, म्हणजे उकळतं शिसं साच्यात सोडून अक्षरांची आख्खी ओळ एका पट्टीत ओतणारं यंत्र. तेविसाव्या वर्षी तेच काम करायला तो अर्बाबांच्या वडिलांकडे हमरियात आला. पुढे ऑफसेट आलं, यंत्र भंगारात गेलं आणि फ्रेडरिक स्टेशनरीत. पण हात विसरत नाहीत. अक्षराच्या खिळ्याची उंची नऊशे अठरा हजारांश इंच. त्यात दोन हजारांश कमी पडले तर ते अक्षर छापतच नाही, हे जो तारुण्यात शिकला त्याला दशांशाचं तिसरं घर दिसल्याशिवाय राहत नाही. शिवाय हा देशच तिसऱ्या घराचा. इथल्या रियालचे हजार बैसे होतात. भाजीवाल्याची पावतीसुद्धा टिंबापुढे तीन आकडे लिहिते. चौदा महिने राहूनही ज्याला दोनच दिसतात, तो अजून पुण्यातून निघालाच नाही असं समजावं.

मूळ तक्त्यात आकडे स्वच्छ होते. एक आणि दोन नंबर, ०.४३०. तीन नंबर, ०.४३२, शिसं मऊ. चार नंबर, ०.४३१. पाच नंबर, ०.४३०. आणि पाच नंबरच्या शिशापुढे कंसात लिहिलं होतं, लायनोटाइप.

फ्रेडरिकने चष्मा काढून पुसला आणि परत घातला. तो शब्द तिथेच होता.

त्याच्या डाव्या मनगटावर चवलीएवढा चकचकीत डाग होता. मशीनचा साचा आणि तोंड यांच्यात एकदा केसाएवढी फट राहिली आणि शिसं पिचकारीसारखं बाहेर आलं, त्याची ही खूण. फट सापडली की शिसं माणूस बघत नाही. आता सिलिंडरचं तोंड चारशे बत्तीस आणि गोळी चारशे तीस. दोन हजारांशांची फट. त्या फटीतून दारूचा जाळ पुढे पळणार, गोळीची कड वितळवत जाणार आणि ते शिसं नळीला आतून फासणार. मऊ शिसं असतं तर दाबाने फुगून थोडीफार फट भरली असती. लायनोटाइप? लायनोटाइप फुगत नाही. त्याची पट्टी बोटांत दाबली की वाकतसुद्धा नाही, सरळ मोडते. हाडावर आपटली तर तुकडे. म्हणजे पाचांतल्या बारक्यांपैकी एक आणि सगळ्यात हेकट गोळी कमिटीने एकमताने निवडली होती. माणसं आपल्यासारखंच निवडतात, त्याच्या मनात आलं.

संध्याकाळी हमरियातल्या घरी त्याने विषय काढला. सिसिलिया, त्याची बायको, बोंबील साफ करत होती. जॅस्मिनने बापाने पेन ड्राइव्हवर आणलेला कमिटीचा तक्ता लॅपटॉपवर उघडला आणि लपवलेल्या कॉलमवर एक बटण दाबलं.

“डॅडी, हे बघ. नंबर आत करेक्ट आहे. त्याने फक्त... काय म्हणतात... शो केला नाही. टू डेसिमल ठेवलं.”

“म्हणजे त्याच्याकडे खरं होतं?”

“होतं. फॉरमॅट करून घालवलं.”

सिसिलियाने हात धुतले. “मग सांगा ना त्याला.”

“सांगितलं तर तो म्हणणार, म्हातारा कार्डासाठी पुढेपुढे करतोय.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर अर्बाब पाच नंबर घेऊन जाणार. आणखी एक हरीण जखमी होऊन हिंडणार. चिडून परत येणार. आणि पहिली फाइल हातात येणार ती माझी.”

“अहो, अर्बाबाचं हरीण मरो नाहीतर शंभर वर्षं जगो,” सिसिलिया म्हणाली. “पण तुम्ही गप्प बसून इथे तोंड पाडून बसणार असाल, तर त्यापेक्षा बोला आणि मोकळे व्हा. तुमचं ते तोंड मला दोन वर्षं बघवणार नाही.”

गुरुवारी सकाळी फ्रेडरिक यशोधनच्या टेबलापाशी गेला. मूळ ईमेलचं पान हातात, तिसऱ्या आकड्याखाली पेन्सिलीची रेघ.

“यशोधनसाहेब, हे माप सगळ्यांचं सारखं नाही. तीन नंबर एकटीच बसते. पाच नंबर ढिली पडेल.”

यशोधनने कागद बघितला. म्हणजे त्याची नजर कागदावरून गेली, जशी पाहुण्याची नजर कोपऱ्यातल्या पादत्राणांवरून जाते.

“अंकल, एक हजारांश, दोन हजारांश... हे टॉलरन्समध्ये येतं.”

“कुणाच्या टॉलरन्समध्ये?”

“इंडस्ट्रीच्या. आणि फायनल झालंय आता. तीन नंबरला टोटलमध्ये एकोणपन्नास मार्क आहेत, पाचला ब्याऐंशी. एकोणपन्नासवाला मी साहेबांना कसा देऊ? तुम्ही बाइंडिंग बघा. सिंह जरा डावीकडे सरकलाय.”

सिंह खरंच डावीकडे सरकला होता. फ्रेडरिकने तो सरळ केला. कामात खोट त्याला चालत नसे, सिंहाच्या बाबतीतही नाही.

साडेअकराला अर्बाबांच्या केबिनमध्ये सादरीकरण. प्रती वाटायला फ्रेडरिकही आत. वाटून झाल्यावर तो दाराशी उभा राहिला. तिथून त्याला टेबलावरचा ट्रे दिसत होता आणि ट्रेमधली त्याची फाइल. तिचे कोपरे अजून जुळलेले होते.

यशोधन बारा मिनिटं बोलला. क्लिफर्डने दोनदा ‘स्टॉपिंग पॉवर’ म्हटलं. अर्बाब पानं उलटत होते. त्यांनी शिफारस वाचली, मग मागे जाऊन परिशिष्ट उघडलं. परिशिष्ट वाचणारा एक माणूस त्या खोलीत निघाला आणि तो मालक होता. उगाच मालक झाला नव्हता.

“लायनोटाइप,” अर्बाब मोठ्याने म्हणाले आणि त्यांनी दाराकडे बघितलं. “फ्रेडरिक! ये तो अपना मशीन. बाबा का.”

“हां, अर्बाब.”

“तुम मेरा नाम बनाया था उस में. मैं छोटा था. गरम था, हाथ जला मेरा.”

“मैं बोला था, हाथ मत लगाओ.”

अर्बाब हसले. यशोधनही हसला, कारण अर्बाब हसले होते. क्लिफर्ड थोडा उशिरा हसला.

“तो ये पाँच नंबर अच्छा?”

‘हां’ म्हटलं असतं तर सगळं गोड होतं. यशोधन खूश झाला असता, कदाचित शिफारस मागे घेतली असती. अशी माणसं स्वतःच्या हो-ला हो मिळालं की उदार होतात. फ्रेडरिकने ट्रेकडे बघितलं. मग त्याला ते चौदा पानांचं बाड दिसलं, सरळ केलेला सिंह दिसला, आणि त्याचं तोंड कडू झालं. मुलीसाठी माणूस पुष्कळ गिळतो. पण हे बाड घशाखाली जाईना.

“नहीं, अर्बाब. पाँच सबसे खराब. वो छोटा है और जिद्दी है. तीन नंबर बराबर बैठेगा. फार्मवाला नीचे लिखा है, आप पढ़ो. चार सौ बत्तीस.”

“सर, टॉलरन्स...” यशोधन सुरू झाला.

अर्बाबांनी हात वर केला. त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला, शेवटची ओळ वाचली, मग कमिटीचा तक्ता वाचला, मग पुन्हा ओळ. “यशोधन, ये नंबर तुम्हारे टेबल में किधर है?”

“सर, ती व्हॅल्यू कॉमन होती, म्हणून... रीडॅबिलिटीसाठी...”

“कॉमन नहीं है. तीन अलग, पाँच अलग.” अर्बाबांनी बाड मिटलं आणि फ्रेडरिककडे रोखून बघितलं. व्यापाऱ्याचा मुलगा, विश्वास ठेवायच्या आधी त्याची किंमत विचारणारच. “फ्रेडरिक, तुम्हारा पेपर मेरे पास है. ऑगस्टवाला.”

“मालूम है. प्रिंट मैंने ही निकाला.”

“तुम गलत निकला तो?”

“तो रिन्यूअल पे साइन मत करना.”

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो. यशोधनच्या ओठांवर बारीक हसू आलं, ज्याचं खड्डा खणायचं काम समोरचा स्वतःच करून देतो त्याला येतं तसं.

“खलास,” अर्बाब म्हणाले. “फार्मवाले को लिखो. छह गोली पाँच नंबर का, बाकी सब तीन नंबर. पहले कागज पे मारेगा. फिर जानवर.”

घरी सिसिलियाने सगळं शांतपणे ऐकलं. बोंबिलाच्या तव्याखालचा गॅस बंद केला.

“म्हणजे पोरीची बारावी हरणाच्या शिंगाला बांधून आलात.”

“आधी कागदावर मारणार आहेत.”

“हो का? मग ठीक. कागदाशी तुमचं जमतं.”

पुढचे दहा दिवस ऑफिसात फ्रेडरिकशी कुणी सरळ बोललं नाही. म्हणजे बोलले, पण निरोप द्यायला आलेल्या नातेवाइकांसारखे. क्लिफर्ड म्हणाला, वसईला आता फ्लॅट काय भाव चाललेत? एकाने विचारलं, ते बाइंडिंगचं यंत्र चालवायला सोपं आहे का. यशोधनने त्याच्या खोलीची लांबी-रुंदी मोजून घेतली, दोन दशांशांपर्यंत. फ्रेडरिक सगळ्यांना उत्तरं द्यायचा आणि मनातल्या वहीत लिहून ठेवायचा. जॅस्मिनने अभ्यासाची पुस्तकं खोक्यात भरायला काढली होती आणि परत रॅकवर ठेवली होती. दोनदा. तेवढ्याची नोंद त्याने केली नाही.

व्हिडिओ आला एका मंगळवारी, ऑफिसच्या ग्रुपवर. सगळे आपापल्या टेबलावर बघायला लागले आणि ऑफिसभर एकाच वेळी सहा ठिकाणांहून तोच बार ऐकू आला.

पहिला कागद पाच नंबरचा. सहा गोळ्या. एक भोक वर उजवीकडे, एक खाली, एक कागदाच्या अगदी कडेला. आणि दोन भोकं गोल नव्हतीच, लांबुडकी होती, गोळी आडवी होऊन शिरल्यासारखी. सहावीचा पत्ताच नव्हता. फार्मवाल्याने नळी उजेडाकडे धरून दाखवली: आत शिशाचे चमकदार पट्टे, भिंतीवर चुना उडावा तसे. मग त्याने कॅमेऱ्याकडे बघून शांत आवाजात सांगितलं की नळी घासायला एक तास लागला, आणि तो तास बिलात लावला आहे.

दुसरा कागद तीन नंबरचा. सहा भोकं, सगळी मिळून कपाच्या बशीत बसतील एवढ्या जागेत. त्यांतली तीन एकमेकांना चिकटलेली.

दोन दिवसांनी फोटो आला. कुडू पडलेला, शिंगं सुरेख, बाजूला अर्बाब गुडघ्यावर. मजकूर एवढाच: ‘चाळीस पावलं. एक गोळी. तीस पावलं चालला आणि बसला.’

फ्रेडरिकने फोटो मोठा करून फक्त शिंगं बघितली. त्यांना काही बांधलेलं नव्हतं.

मग ऑफिसात जे झालं ते बघून तुम्ही-आम्ही चकित झालो असतो, फ्रेडरिक झाला नाही. त्याने घड्याळ लावून मोजलं: चाळीस मिनिटांत सगळे मऊ शिशाचे भक्त झाले. क्लिफर्ड जिन्यात कुणाला तरी सांगत होता, “फिट इज एव्हरीथिंग, मॅन. मी पहिल्यापासून म्हणत होतो.” आणि अर्बाब परत आले त्या सकाळी यशोधन सगळ्यांच्या आधी केबिनमध्ये पोचला.

“सर, अभिनंदन! आमच्या कंपॅरिझनमध्ये तीन नंबर शॉर्टलिस्टेड होताच. परिशिष्टात.”

“परिशिष्ट किसने पढ़ा?” अर्बाबांनी विचारलं.

यशोधनने वेळ साधून आपली फाइल उचलली, ‘कॉफी मागवतो’ म्हणाला आणि गेला. कॉफी आली नाही.

फ्रेडरिकला वर बोलावलं तेव्हा ट्रे रिकामा होता आणि फाइल अर्बाबांपुढे उघडी. नूतनीकरणावर सही झालेली. दोन वर्षं. फ्रेडरिकने ती तारीख उलटी मोजली: बारावीचा निकाल लागून पुढे तीन महिने उरत होते. त्याने खुर्चीच्या पाठीला हात लावला. यशोधनने घेतलेली खुर्ची होती. ती मागे सरकली. त्याने टेबल धरलं.

“मगर एक बात,” अर्बाब म्हणाले. “अभी से हर कंपॅरिझन पहले तुम देखेगा. तुम्हारा साइन, फिर मेरा. यशोधन को मैंने बोल दिया.”

“हर कंपॅरिझन?”

“हर एक.”

फ्रेडरिक खाली आला. त्याने मागितलं होतं एवढंच की त्याला खोलीत राहू द्यावं, प्रिंटरपाशी, रॅकांच्या मागे, जिथून ही माणसं लांबून मोजता येतात. आणि मिळालं काय, तर आता ती रोज टेबलापाशी येणार, फाइल घेऊन, दोन वर्षं. संध्याकाळी त्याने सिसिलियाला सांगितलं तेव्हा ती आधी रडली, मग हसली, आणि मग म्हणाली, “बरं झालं. नावं ठेवायला लांब जायला नको.” जॅस्मिनने पुस्तकं रॅकवर तिसऱ्यांदा लावली आणि खोकं फाडून कचऱ्यात टाकलं.

रविवारी नऊ वाजता पहिली फाइल आली. यशोधन स्वतः घेऊन आला. चेहऱ्यावर राग नव्हता. राग धरायला जी लांब आठवण लागते ती त्याच्यापाशी नव्हतीच. नव्या खुर्च्यांचं कंपॅरिझन. मुखपृष्ठावर खुर्चीच्या जागी डोंगर.

“अंकल, बघून घ्या. ह्या वेळी मी एकदम काळजी घेतलीये.” त्याने बोट ठेवलं. “चाकाचा डायमीटर. तीनही कंपन्यांचा. तिसऱ्या दशांशापर्यंत.”

फ्रेडरिकने चष्मा लावला. ५०.०००. ५०.०००. ५०.०००.

“हे मोजलं कुणी?”

“मोजायचं कशाला?” यशोधन मोकळेपणाने म्हणाला. “फॉरमॅट केलंय.”

फ्रेडरिकने पेन्सिल खाली ठेवली. खालच्या खणात, जुन्या फडक्यात गुंडाळलेला त्याचा हजारांश मोजणारा मायक्रोमीटर होता, छापखान्याच्या काळातला. तो काढून त्याने टेबलावर ठेवला आणि फडकं घडी करून परत खणात टाकलं.

“चाकं काढून आणा, साहेब,” तो म्हणाला. “तीनही कंपन्यांची. आणि येताना मूळ कागद.”

“कसला मूळ कागद?”

“परिशिष्ट,” फ्रेडरिक म्हणाला आणि त्याच्याकडे न बघता मायक्रोमीटरचा जबडा हळूहळू मिटवत शून्यावर आणू लागला.